जीपचं नवं इंजिन : एमडीआयचा मोह, कणकेचा गोळा आणि आरसी बुक

मागच्या नोंदीत गाडी पानशेतच्या पुढच्या चढावर बॉनेट उघडून वाफा सोडत उभी होती. ती टो करून घरी आणली, हेड उतरवलं आणि निकाल लागला. हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाला तडा, तो चालला असता, हेड मिळतं. पण पाणी फिरतं त्या वॉटर जॅकेटच्या बाजूला ब्लॉकलाही, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडालाही बोटभर लांब तडा गेलेला. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरचा बोल्ट सोडला तर चहात दूध जास्त झाल्यासारखं, पाणी मिसळलेलं ऑइल बाहेर आलं. कारण फार थोर नाही. खालच्या होजची क्लिप ढिली, पाणी हळूहळू गळत गेलं, आणि टेंपरेचरचा काटा सहा महिन्यांपासून मेलेला. तो मेलाय हे मला माहीत होतं. असो.

गाडी १९९१ ची महिंद्रा एमएम ५४०. मूळ इंजिन पूजो एक्सडीपी ४.९०. या ४.९० चा अर्थ बऱ्याच जणांना माहीत नसतो : चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास). स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ८३, म्हणजे २११२ सीसी. हीटर देऊन चालू करायचं प्री-चेंबरचं, म्हणजे डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटवणारं इंजिन. रस्त्यावर गुळगुळीत पळतं, पण दगडात याचा जीव वर असतो. आरपीएम खाली गेले की दम सुटतो, मग हाफ क्लच, मग तो जळका वास. चार वर्षांत दोन क्लच प्लेटा खाल्ल्यात मी.

म्हणून ठरवलं होतं, आता बदलायचंच आहे तर चांगलं काहीतरी टाकू.

पहिला सल्ला सगळ्यांचा एकच : सीआरडीई, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सवर चालणारं कॉमन रेल डिझेल टाक. जुन्या थारमधलं २४९८ सीसीचं, १०५ बीएचपी, २४७ न्यूटन-मीटर. आकडे बघून तोंडाला पाणी सुटतं. पण त्यासोबत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आला, सेन्सर आले, अख्खी वायरिंग आली. पावसाळ्यात आपण ओढ्यात गाडी घालतो तेव्हा माझ्या डॅशबोर्डच्या खालून पाणी वाहतं. तिथे ईसीयू कुठे लपवू? जुन्या पंपाच्या डिझेलचं कसं, एकदा चालू झालं की त्याला बॅटरीची फारशी पडलेली नसते. बॅटरी उतरली तर उतारावर ढकलून चालू करता येतं. रानात हे मला शंभर बीएचपीपेक्षा मोलाचं वाटतं. सीआरडीई बाद.

टोयोटा क्वालिसचं टू-एल इंजिन हे दुसरं स्थळ. बोअर-स्ट्रोक दोन्ही ९२, २४४६ सीसी, दणकट म्हणून नावाजलेलं. पण टायमिंग बेल्टवर चालतं, आणि आपल्या चिखलात बेल्टच्या कव्हरमध्ये काय काय जाईल या विचारानेच मला झोप लागली नसती. शिवाय हे इंजिन माझ्या गिअरबॉक्सला जोडायला ॲडॅप्टर प्लेट खरादवाल्याकडून बनवून घ्यायची. तिचं सेंटर एका केसाने चुकलं तरी गिअरबॉक्सची इनपुट शाफ्ट रडते.

खरा जीव अडकला एमडीआयवर. महिंद्राच्याच मेजर जीपमधलं, नंतर बोलेरो आणि थार डीआयमध्ये टर्बो लावून आलेलं २५२३ सीसी. बोअर ८८.९, स्ट्रोक १०१.६. इंचात मांडून बघा, साडेतीन आणि चार. हे माप ट्रॅक्टरच्या घराण्यातून आलंय, आणि स्वभावही तसाच. बोअरपेक्षा स्ट्रोक लांब, डायरेक्ट इंजेक्शन, खालच्या आरपीएमला खेचणारं. थार डीआयमध्ये १८२.५ न्यूटन-मीटर मिळायचं ते १५०० ते १८०० आरपीएमलाच. मित्राच्या मेजरमध्ये बसून लो-रेंज पहिल्या गिअरमध्ये पाय काढून बघितलंय मी, दगडावरून गोगलगायीसारखी चढते, क्लचला हात लावायची गरज नाही. (पाय म्हणा.) तोटा एकच, एमडीआय ३२०० मधला ३२०० हा आकडा आरपीएमचा. हायवेला जाताना लवकर धाप लागते आणि मागून ट्रकवाले डिपर मारतात.

मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, “आधी चेंबर मोजा, मग इंजिन बघा साहेब.”

चेंबर पुढच्या ॲक्सलच्या वर येतो, अडचण ती. मेजरला हे इंजिन कंपनीच बसवायची, मग मला का बसू नये, असं माझं म्हणणं. पण माझे पुढचे पाटे मऊ आणि ॲक्सलला वर येताना अडवणारे रबरी बंप स्टॉप कापलेले, ॲक्सल कंपनीच्या गाडीपेक्षा बराच वर येतो. नाना पेठेतून एमडीआयचा रिकामा चेंबर एका दिवसासाठी उसना आणला. मेजरवर मापं घेऊन पुठ्ठ्याचा साचा केला आणि त्या उंचीला तो चेंबर चेसीमध्ये टांगला. ॲक्सलवरच्या डिफरन्शियलच्या गोळ्यावर कणकेचा लिंबाएवढा गोळा ठेवला. मग एक चाक जॅकवर घेऊन पार बंप स्टॉपला टेकवलं. खाली उतरवून बघितलं तर कणकेची पापडी झालेली, कॅलिपरने ४ मिलिमीटर, म्हणजे मधली फट तेवढीच. म्हणजे एका जोराच्या आपटीत चेंबर फुटणार. बायको स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होती, काही बोलली नाही, परात मात्र उचलून आत नेली.

इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन पाऊण इंच उचलू, बंप स्टॉप परत लांब करू, असे आकडे मांडत बसलो होतो. त्या रात्री गाडीची कागदपत्रं काढली. पाच वर्षांनी होणारं नोंदणीचं रिन्यूअल पुढच्या वर्षी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचलं, आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही. कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. आरसीवर २११२ सीसी लिहिलंय, तिथे २५२३ कसं चढणार? एक्सडी३पी हा मधला मार्ग मनात होता, एक्सडीपीचाच थोरला भाऊ, ९४ बोअर, ९० स्ट्रोक. पण त्याचेही २४९८ होतात. रिन्यूअलला इन्स्पेक्टरने बॉनेट उघडलं तर काय, आणि त्याहून वाईट म्हणजे अपघात झाला आणि विमावाल्यांनी उघडलं तर काय? हे आधी वाचलं असतं तर कणीक वाचली असती.

तर मंडळी, एक्सडीपीच्या जागी एक्सडीपीच. हसा.

तेच मॉडेल घ्यायचं तरी इंजिन नंबर बदलतो, म्हणून आरटीओत आधी अर्ज दिला. परवानगी हातात आल्यावरच शोध सुरू केला. कुर्ल्यात दोन बघितली. पहिल्याचा नंबर घासलेला, तिथे चहासुद्धा घेतला नाही. दुसऱ्याच्या लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) वरच्या कडेला नख अडकलं, म्हणजे बोअर झिजलेली. तिसरं भोरजवळ, स्क्रॅपला निघालेल्या एमएम ५४० मधलं, मूळ आरसी आणि बिलासकट. मालकाला म्हटलं, रात्रभर थंड राहू द्या, सकाळी येतो. सकाळी हीटर देऊन दुसऱ्या सेल्फला उठलं. ब्रीदरवर, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीवर तळहात धरला तर फक्त ऊब, फुंकर नाही. चेंबर उतरवून कनेक्टिंग रॉडचं एक बिग-एंड बेअरिंग बघितलं, राखाडी थर शाबूत, तांबं कुठेच दिसत नाही. भाव दोन हजाराने पाडला आणि टेंपोत टाकलं.

दगडातल्या दमाचं काय, तर ३१ इंची टायर विकायला काढलेत. २३५/७५ आर १५ घेतोय, ते साधारण २९ इंची. फुकटात सात टक्के गिअरिंग खाली येतं, म्हणजे चाकाला तेवढा जोर जास्त. गाडी थोडी बुटकी दिसेल.

सध्या इंजिन चेनब्लॉकला टांगलंय. अल्टरनेटरच्या मागचा व्हॅक्यूम पंप ऑइल गळतोय, त्याच्या व्हॅक्यूमशिवाय ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक होतं, तेव्हा त्याचा सील किट आधी. नवा टेंपरेचर मीटर आलाय, चालतो की नाही ते उकळत्या पातेल्यात सेन्सर बुडवून तपासलं. पातेलं आमचं नाही, शेजारच्या काकूंचं.