लाँग जॉन सायकल: १६ गेजचा पाईप, तुटणारे दात आणि व्ही-ब्लॉक

मंडळी, लाँग जॉन म्हणजे पुढे सामानाचा ट्रे असलेली लांब सायकल, ती मी बनवतोय. तिच्या ट्रेच्या पाईपचे सगळे सरळ कट संपले आणि लोखंड कापायच्या मशीनवरच्या ८० दातांच्या ब्लेडचा एकही दात उडाला नाही. भिंगाखाली प्रत्येक टोक तपासलं, सगळी शाबूत आहेत. कटवर गुण्या लावला तर उजेड दिसत नाही, बर (कटच्या कडेला राहणारी धातूची झालर) नखाने निघतो आणि कापलेलं टोक लगेच हातात धरता येतं. कटिंग व्हीलवर (घासून कापणाऱ्या चकतीवर) निळी पडलेली कड कानसून ज्यांनी मनगटं दुखवून घेतली आहेत, त्यांना हे सुख वेगळं सांगायला नको.

आता दातांबद्दल, म्हणजे ते आधी का उडत होते त्याबद्दल. मशीन मकिता एलसी१२३०, ब्लेड ३०५ मिमी, वेग १३०० आरपीएम (मिनिटाला फेरे). माल २५ x २५ मिमीचा स्क्वेअर पाईप, १६ गेज म्हणजे १.६ मिमी जाडी. ६० दातांच्या ब्लेडने ५ मिमी जाडीचे, एल आकाराचे अँगल सुंदर कापले, पण या पाईपवर आलं की दातांचे कोपरे उडायचे. त्यातही दरवेळी कट संपता संपता, पाईपच्या खालच्या पत्र्यात ब्लेड शिरताना. 'ठक' असा आवाज व्हायचा, आणि तो आला की समजायचं, एक टोक गेलं.

आधी मशीनवर संशय घेतला. फ्लॅन्ज (ब्लेड दाबून धरणारी चकती) काढून पुसली, डायल गेज लावून ब्लेडच्या कडेचा रनआऊट, म्हणजे फिरतानाची डगमग, पाहिला. ०.१ मिमीच्या आत होता, म्हणजे मशीन निर्दोष. मग पाईपच्या शिवणीकडे वळलो. ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून विजेने जोडलेल्या) पाईपची बाहेरची शिवण कारखान्यातच खरवडून काढतात, आतली तशीच राहते. आत बोट घातलं की तो उंचवटा लागतो. शिवण वर, खाली, बाजूला अशी फिरवून कापलं. खाली असताना आवाज थोडा जास्त व्हायचा, पण दात शिवण कुठेही असली तरी उडायचे. शेवटी दातांची संख्या बदलून ८० चं ब्लेड चढवलं. प्रमाण कमी झालं, पण थांबलं नाही.

उत्तर मिळालं ते सांगलीजवळच्या कुपवाडच्या अण्णांकडे. अण्णा चाळीस वर्षं फॅब्रिकेशन करतात, आणि आपल्यासारख्या कार्बाइडचे (पोलादाहून कडक मिश्रणाचे) दात असलेल्या ब्लेडला त्यांनी अजून हात लावलेला नाही. मशीन बघायला आले, पाईप वाईसमध्ये सपाट धरलेला पाहिला आणि म्हणाले, "अँगल तू कसा ठेवतोस रे? डोंगर करून ना? मग पाईपला का झोपवलंस?"

त्या रात्री कागद घेऊन बसलो. पाईप सपाट असला की ब्लेड वरच्या पत्र्यावर जवळपास २५ मिमी लांबीत टेकतं. पत्रा संपला की फक्त दोन बाजूंच्या भिंती उरतात, १.६ अधिक १.६, म्हणजे ३.२ मिमी. विरोध एकदम कमी होतो, हात हलका लागतो आणि ब्लेड भराभर खाली जातं. त्याच वेगात ते खालच्या पत्र्यावर आदळतं, तिथे पुन्हा २५ मिमी. तोच तो 'ठक'.

पाईप कोपऱ्यावर उभा केला की भिंती ४५ अंशांत येतात. एक भिंत आडवी मोजली तर १.६ गुणिले १.४१, म्हणजे २.२६ मिमी, आणि दोन्ही मिळून साडेचार. वरचा कोपरा फुटतानाही संपर्क साडेचारच्या आसपास, मधे तेवढाच, खालच्या कोपऱ्यातही तेवढाच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताला एकसारखा भार लागतो. रेल्वेच्या जुन्या स्लीपरच्या लाकडातून ९० अंशांची खाच काढून दोन व्ही-ब्लॉक केले, एक वाईसच्या जबड्यात आणि दुसरा सुटणाऱ्या तुकड्याखाली. हा दुसरा विसरू नका. तुकडा सुटून ब्लेड आणि जबड्यात अडकला तर दात जातातच, वर तुकडा कुठे उडेल याचा भरवसा नाही.

म्हणून माझं मत आता पक्कं झालंय. 'कापताना दोन-तीन दात धातूत हवेत' हा नियम हॅकसॉचा, म्हणजे हाताच्या करवतीचा आहे. ३२ टीपीआयच्या (इंचाला ३२ दातांच्या) पात्यात दोन दातांमधलं अंतर ०.८ मिमी, तिथे तो १.६ च्या पत्र्याला चपखल बसतो. आपल्या ३०५ च्या ब्लेडचा परीघ ९५८ मिमी. ६० दात असले तर अंतर १६ मिमी, ८० असले तर १२. पातळ पाईपच्या भिंतीत दोन दात कधीच राहणार नाहीत, १०० दातांचं ब्लेड आणलं तरी नाहीत. दाट दातांनी प्रत्येक दाताचा घास लहान होतो, फायदा एवढाच. खरा प्रश्न संपर्काची लांबी अचानक किती उडी मारते हा आहे, आणि ती उडी ब्लेडच्या आधी पाईपच्या ठेवणीने आटोक्यात येते.

ब्लेड घेताना मी आधी बघतो ती त्यावर कोरलेली कमाल आरपीएम. साध्या १४ इंची कटिंग व्हीलच्या मशीनचा वेग ३८०० च्या आसपास असतो, आपल्या ब्लेडची मर्यादा त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. बोअर (ब्लेडचं मधलं भोक) जुळतो म्हणून कुणी ते तिथे चढवू नये, अगदी एका कटसाठीसुद्धा नाही. मग बोअर, इथे २५.४ मिमी. रिड्युसर रिंग घालून ३० चा बोअर बसवणं मला पटत नाही. मग दाताचा घाट. लाकडाच्या ब्लेडचे दात पुढे झुकलेले आणि आलटून-पालटून टोकदार असतात, लोखंडात ती टोकं पहिल्यांदा मोडतात. लोखंडाच्या ब्लेडला झुकाव अगदी कमी आणि माथा सपाट किंवा कोपरे कापलेला असतो. ॲल्युमिनियमच्या ब्लेडला झुकाव बहुधा उलटा, उणे पाच-सहा अंश. ते त्या कामाला उत्तम, पण लोखंडाला नाही. ऑनलाइन एका विक्रेत्याने 'मेटल कटिंग' असं स्टिकर चिकटवून सरळ लाकडाचं ब्लेड पाठवलं होतं. दाताकडे बघताच कळलं, परत केलं. स्टिकर वाचू नका, दात बघा.

दात सर्मेटचे (सिरॅमिक आणि धातूच्या मिश्रणाचे) की साध्या कार्बाइडचे? सर्मेट गरम झालं तरी कडक राहतं आणि त्याला लोखंड कमी चिकटतं. तासन्‌तास एकच माल कापायचा असेल तर तेच घ्यावं. पण ते ठिसूळ असतं, आणि आपल्यासारखं हाताने दाबून पातळ पाईप कापणाऱ्याला कार्बाइड जास्त सोसतं. शिवाय मिरजेत कार्बाइडला डायमंड व्हीलवर धार लावून मिळते. धारवाल्या काकांनी उडालेले दातही बदलून दिले, आणि नवा दात कुठला हे मला हात फिरवून ओळखता आलं नाही. इतकं देखणं ब्रेझिंग (दात बसवायचं झाळकाम) मी क्वचित पाहिलंय.

कटिंग व्हीलला मात्र मी नावं ठेवणार नाही. तासगाव-कवठेमहांकाळकडे द्राक्षबागेच्या मांडवाचे अँगल कापणाऱ्याला व्हीलच बरोबर. अँगल जमिनीत गाडायचा असतो, तिथे गुण्यात कट कुणाला हवाय? सायकलच्या फ्रेमचं तसं नाही. सांध्यात फट राहिली की १.६ च्या पत्र्याला वेल्डिंगमध्ये भोकच पडतं.

व्होल्टेजचं एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे शेतीपंप सुरू झाले की दिवे मंद होतात आणि मशीनचा आवाज बसतो. तेव्हा कापायचं नाही. वेग पडलेला असताना दाबलं की ब्लेड अडकतं. एक्स्टेंशनची वायर २.५ स्क्वेअर एमएमची केली, फरक लगेच जाणवला.

उरले मायटर कट, म्हणजे ४५ अंशांचे तिरके कट, आणि इथे व्ही-ब्लॉक साथ सोडतो. पाईप कोपऱ्यावर उभा करून वाईस ४५ वर फिरवली तर तिरका कट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जातो, बाजूशी जुळत नाही. चौकटीला तो निरुपयोगी. सपाट ठेवून ४५ वर कापावं तर वर-खाली ३५ मिमीचा संपर्क, मधे साडेचार, म्हणजे उडी आणखी मोठी. म्हणून ट्रेची चौकट मायटरची करायचं ठरलं होतं, ते रद्द. आता लांबीचे पाईप पूर्ण, आडवे त्यांच्या मधे सरळ कटचे, आणि उघड्या टोकांना २ मिमीच्या टोप्या. ताकदीला काही फरक पडत नाही, आणि पावसाचं पाणी आत जाणार नाही.

पण हँडलखालच्या त्रिकोणाला मायटर लागणारच. हे लिहितानाच एक सुचलं. पाईपच्या आत सागाची पट्टी ठोकून बसवली तर? आतलं माप २१.८, शिवणीसाठी पट्टीला एका बाजूने खोबण. मग ब्लेडला वरच्या पत्र्यापासून खालच्यापर्यंत मधे काही ना काही कापायला मिळेल, हात सुटणार नाही आणि पत्राही थरथरणार नाही. कार्बाइडला सागाचं भय नाही. थोडा धूर होईल, आणि गरम कीस लाकडाच्या भुशात पडणार म्हणून बादलीभर पाणी शेजारी ठेवायचं. १०० दातांच्या ब्लेडची ऑर्डर तूर्त थांबवली आहे. जुन्या दाराच्या चौकटीतलं सागवान माळ्यावर पडून आहे, त्यातून उद्या पट्ट्या काढतो आणि आधी भंगार पाईपवर ६० चं जुनं ब्लेड लावून बघतो. ते टिकलं तर ८० चं चढवायचं.