आधी चांदी, मग साल: आमच्या पेढीची वाटचाल

रत्नागिरीच्या राम आळीत अण्णांनी पेढी थाटली तेव्हा जुना रुपया म्हणजे मोड, वितळवायचा माल होता. पैंजण, करंडा, चेपलेलं निरांजन आणि राणीछाप रुपये एकाच तागडीत पडायचे. टंच म्हणजे चांदीची शुद्धता धरायची, वितळवताना येणारी घट वजा करायची, पैसे मोजून द्यायचे आणि माल आटणीला पाठवायचा. त्या काळी सगळ्याच सराफांचा व्यवहार असा चालायचा, आणि अण्णांचा काटा चोख म्हणून लोक हर्णै-जैतापुरापासून यायचे.

नाण्यांची कोकणात कधीच वाण नव्हती. मुंबईच्या गिरणीत, गोदीत, बोटीवर राबणाऱ्यांनी गावी धाडलेल्या पैशांतले चार रुपये घरची बाई बाजूला टाकायची. बँक दूर, चोराची भीती, म्हणून ते पेटाऱ्याच्या तळाशी, देवघरात किंवा भाताच्या कणगीत जायचे. पुढे घर पाडून स्लॅब घालायची वेळ आली, भावांच्या वाटण्या झाल्या की ती पुरचुंडी आमच्या गल्ल्यासमोर सुटायची. आजही सुटते. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी आले की सर्वांत जास्त.

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मुंबईचे संग्राहक आमच्याकडे फिरकू लागले. त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी पंचम जॉर्जच्या रुपयांचा ढीग चिवडून १९११ चा एक रुपया बाजूला काढला आणि वजनाच्या भावाहून कितीतरी जास्त पैसे पुढे केले. कारणही स्वतःहून सांगितलं. त्या वर्षीच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा उमटला की लोकांना ते डुक्कर वाटलं. बोभाटा झाला, सरकारने रुपये मागे घेतले, बरेचसे वितळवले आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला. वितळण्यातून वाचलेले रुपये म्हणून संग्राहकांना हवेसे. मी तेव्हा नुकताच पेढीवर बसायला लागलो होतो. त्या दिवशी अण्णांनी मला एवढंच सांगितलं, "नाणी यापुढे तू बघायचीस." आमच्या धंद्याची दुसरी शाखा तिथून फुटली.

शिकायला वेळ लागला. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणी-नोटांचं संग्रहालय आहे, तिथे मी तासन् तास काचेला नाक लावून उभा राहिलो आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथल्या अभ्यासकांचं काम वाचलं. पण खरं शिक्षण गल्ल्यावर झालं. नाणं घ्यावं की नाही हे ठरवायची आमची पद्धत तिथेच बसली आणि तीच पेढीचं भांडवल आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न नेहमी चांदीचा. १८३५ पासून कंपनी सरकारचा रुपया एका मापाचा झाला: १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. निव्वळ चांदी झाली १०.६९ ग्रॅम. विल्यम, व्हिक्टोरिया, एडवर्ड, पंचम जॉर्ज आणि सहाव्या जॉर्जचे १९३९ पर्यंतचे रुपये सगळे याच टंचाचे. १९४० पासून युद्धामुळे नाण्यात निम्मीच चांदी राहिली. वजन तेच, चांदी मात्र ५.८३ ग्रॅम. १९४७ चा वाघछाप रुपया तर निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो. हिशोब सोपा जावा म्हणून चांदी ग्रॅमला शंभर रुपये धरली, तर राणीछाप रुपयात एक हजार एकोणसत्तर रुपयांची चांदी, १९४४ च्या रुपयात पाचशे त्र्याऐंशीची, आणि वाघछापात शून्य. नवख्याला तिन्ही तळहातावर सारखेच वाटतात. "सगळे जुने आहेत हो, एकाच भावाने घ्या," असं म्हणणाऱ्या काकींना मी तिन्ही वेगळे करून दाखवतो. १९४० नंतरच्या रुपयाची खूण कडेवर आहे. उभ्या रेघांच्या मधोमध एक खोलगट पट्टी गोल फिरते, नखाला लागते.

ही चांदीची किंमत म्हणजे तळ. त्याच्या खाली विकणाऱ्याने जाऊ नये आणि वर किती जायचं ते घेणाऱ्याने नीट पारखून ठरवावं. झिजलेला रुपया ११.३० ग्रॅम भरला तर तळही तेवढाच उतरतो, म्हणून प्रत्येक नाणं स्वतंत्र तोलायचं. ढिगाने तोलून सरासरी काढणं मला पटत नाही, त्यात एखादा हलका खोटा रुपया लपून जातो.

दुसरा प्रश्न, खरं आहे का? ओतीव नक्कल भिंगाखाली ओळखू येते. अक्षरांच्या कडा बोथट, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, आणि कडेवर कधी कधी जोडाची रेघ. शंका आली की मी पाण्याची परीक्षा घेतो. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्याने पाण्यात सोडायचं, तळाला वा बाजूला टेकू द्यायचं नाही. चांगल्या टंचाचा पूर्ण वजनाचा रुपया असेल तर काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास थांबतो. निम्म्या चांदीचा १.२२ च्या आसपास. जर्मन सिल्व्हरची, म्हणजे चांदी नसलेल्या पांढऱ्या मिश्रधातूची, त्याच वजनाची नक्कल १.३५ च्या पुढे-मागे जाते. नाण्याला ओरखडाही पडत नाही आणि समोरच्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी आकडा दिसतो. कानस मारून टंच बघणं आम्ही नाण्यांपुरतं कधीच बंद केलं.

राम-लक्ष्मण-सीता किंवा हनुमानाचं चित्र, पाठीवर ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ किंवा त्याहून जुनं साल, असं 'नाणं' दर महिन्याला कोणीतरी आणतं. कंपनीने असं नाणं कधी काढलेलं नाही. श्रद्धेने देव्हाऱ्यात ठेवलं असेल तर ते तिथेच राहू द्या, पण त्यासाठी पैसे मोजू नका. आणि फोनवर कोणी 'तुमच्या नाण्याचे लाखो देतो, आधी शुल्क भरा' म्हणालं तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुनी नाणी-नोटा घेण्या-विकण्याच्या व्यवहारात ती नाही आणि तसं कमिशन ती मागत नाही. आमच्या तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचे पैसे असेच गेले, तेव्हापासून हे मी प्रत्येकाला सांगतो.

तिसरा प्रश्न सालाचा, आणि इथे गैरसमज फार. जुनं म्हणजे महाग असं लोक धरून चालतात. १८६२ सालचा राणीछाप रुपया हातात घेऊन माणूस म्हणतो, "दीडशे वर्षांचा आहे!" खरं आहे, पण १८६२ हेच साल छापून पुढे दहा-बारा वर्षं रुपये पाडले जात होते. दरवर्षीचं साल १८७४ पासून यायला लागलं. म्हणून १८६२ चे रुपये उदंड आहेत. त्यातही बघायचं असतं ते सालाच्या आसपासच्या बारीक ठिपक्यांकडे. मुंबईच्या टांकसाळीने सालाऐवजी ठिपक्यांनी वर्षं नोंदवली, आणि काही ठिपक्यांचे रुपये इतरांहून बरेच कमी सापडतात. एखादा ठिपका झिजलाय की मुळातच नव्हता, हे ठरवायला मी अर्धा तास घालवतो. उलट १९३९ चा रुपया तरुण, पण चांगल्या टंचाचा हा शेवटचा रुपया दुर्मीळ आहे. म्हणून त्याच्याच नकला सर्वांत जास्त. १९३९ दिसलं की मी आधी 'नाही' धरून बसतो आणि नाण्याने मला 'हो' म्हणायला लावावं अशी वाट बघतो.

आणि मग चेहरा. राणीच्या मुकुटावरचे मणी, वस्त्रावरची नक्षी, पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती, हे उंच भाग आधी झिजतात. ते शाबूत असतील तर भाव तळापासून खूप वर सरकतो. आमच्या किनाऱ्यावर दोन गोष्टी या भावाच्या मुळावर येतात. एक खारं वारं. रुपयातल्या तांब्याला हिरवट बुरशीसारखा थर धरतो. दुसरी, हौसेने केलेली सफाई. चिंच, राख, भांड्यांची पावडर लावून लखलखीत केलेला रुपया चांदी म्हणून तेवढाच राहतो, पण संग्राहक त्याला हात लावत नाही. घासल्याच्या समांतर बारीक रेषा भिंगात लगेच दिसतात. काळपट, एकसारखी झळाळी धरलेलं जुनं नाणं आम्हाला जास्त मोलाचं.

रुपयांच्या माळांचंही तसंच. पूर्वी रुपयाला कडी डाखून, म्हणजे धातू वितळवून जोडून, हार करत. कडी काढली तरी कडेवर डाखाचा पिवळसर डाग राहतो आणि तेवढ्यातल्या रेघा भरून गेलेल्या असतात. असा सुटा रुपया आम्ही चांदीच्या भावाने घेतो. पण माळ अख्खी असेल तर मी मोडू देत नाही. दागिना म्हणून तिला गिऱ्हाईक असतं.

इंग्रजी रुपयांपलीकडचा माल कोकणातच यावा असा येतो, आणि त्यात माझा खरा जीव. आखाती बंदरांशी नातं असलेल्या घरांतून मारिया थेरेसाचं मोठं नाणं निघतं, २८ ग्रॅमचं, साल कायम १७८०. ते मूळचं ऑस्ट्रियाचं, पण अरबस्तान आणि तांबड्या समुद्राच्या व्यापारात ते इतकं मान्य होतं की तेच साल घालून अनेक देशांनी पाडलं, दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या टांकसाळीतही. त्यामुळे १७८० वाचून जीव टाकायचा नाही. टंच हजारात ८३३, त्या हिशोबाने सव्वातेवीस ग्रॅमहून थोडी जास्त चांदी, तळ तिथे. सावंतवाडीकडून पोर्तुगीज रुपया येतो, वजन आणि टंच इंग्रजी रुपयाचेच, पण संख्येने कमी म्हणून तळाच्या वर.

आणि लारी. केसांच्या आकड्यासारखी दुमडलेली चांदीची तार, पावणेपाच ग्रॅमच्या आसपास, वर फारसी ठशाचे अर्धवट तुकडे. इराणातल्या लार गावावरून नाव पडलं, पण विजापूरकरांनी दुसऱ्या अली आदिलशहाच्या नावाने या लाऱ्या पाडल्या आणि अभ्यासक त्यांचा संबंध आपल्या दाभोळशी लावतात. अरुंद तारेवर पूर्ण मजकूर कधीच उतरत नाही, म्हणून कोणतं अक्षर उतरलंय यावर भाव. लोक ती मोडक्या दागिन्याचा तुकडा समजून मोडीत आणतात. आमच्याकडे आली की मी ती मोडीत घेत नाही, आधी काय आहे ते सांगतो.

दोन नियम आमच्याकडे कायद्याचे आहेत आणि त्यात सूट नाही. खणताना मडकं सापडलं, असं कोणी म्हणालं तर आम्ही ते नाणं घेत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. दुबई-कुवेतला असलेल्या आमच्या रत्नागिरीच्या भावांना हे मी विक्रीआधीच सांगतो, मग सौदा गेला तरी चालेल.

गल्ल्यावर आता माझी मुलगी बसते. वजन, टंच, तळाची किंमत, सालाचे वर किती, डागाचे वजा किती, असं सगळं ती विकणाऱ्यासमोर कागदावर मांडते आणि तो कागद त्यालाच देते. तो घेऊन दुसऱ्या पेढीवर विचारून यायला हरकत नाही. बरेच जण जातात. बरेच परत येतात.

तुमच्याकडे पुरचुंडी असेल तर न धुता आणा. फडक्यासकट, चिठ्ठी असेल तर चिठ्ठीसकट. कडी लावलेली असेल तर घरी पक्कड घालू नका. दुपारी बारानंतर या, तेव्हा मोडीची गर्दी सरलेली असते आणि नाणं बघायला निवांत वेळ मिळतो.