खिळ्यावरची पिशवी

पुनर्वसनावरच्या एका प्रदर्शनासाठी ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे जोडफोटो हवे होते. ‘आधी’ माझ्याकडे तयारच होता. वीस वर्षांपूर्वी भायखळ्याच्या फुटपाथवर काढलेला, ताडपत्रीखाली चूल फुंकणारी मावशी. ‘नंतर’साठी मानखुर्दला, तिच्या नव्या खोलीवर गेलो.

सातवा मजला, लिफ्ट बंद. खोली २२५ चौरस फुटांची. फ्रेममध्ये काही मावेना, म्हणून मागे सरकत सरकत मोरीत गेलो आणि बादली सांडली. मावशी हसून बेजार. खिडकीतून उजेड झकास येत होता, तिला गॅसपाशी बसवावं असा माझा बेत.

‘‘चुलीम्होरंच बसायचं तर फुटपाथ काय वाईट व्हता?’’

जुनी प्रिंट दाखवली. तिनं स्वतःचा चेहरा पाहिलाच नाही, पातेल्यावर बोट ठेवलं. ‘‘ह्ये गाडीनं नेलं.’’

गाडी म्हणजे म्युनिसिपालटीची. मावशी १९७२च्या दुष्काळात जालन्याकडून आईबापांच्या पाठीवर आलेली. १९८५ साली सुप्रीम कोर्टानं फुटपाथवाल्यांचा पोट भरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच मोजला. झोपड्यांना मात्र पावसाळा सरून महिना होईपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंतच मुदत दिली. हे मी वाचलेलं. तिला निकाल ठाऊक नाही, गाडी ठाऊक. गाडी आली की भांडी सोडायची, पिशवी घेऊन पळायचं.

ती पिशवी आताही दाराशेजारी खिळ्याला होती. रेशनकार्ड, सर्व्हेची पावती, खोलीचा कागद, लाइटबिलं. पिशवीचे बंद इतके वापरलेले की काळे तुळतुळीत. समोर कुलपाचं लोखंडी कपाट.

‘‘मावशी, आता कुठली गाडी येतेय सातव्या मजल्यावर?’’

‘‘तू लिहून देतो का?’’

मी पिशवीचाच फोटो घेतला. दिवसभरात तेवढा एकच धड आला.

निघताना म्हणाली, ‘‘त्यो जुना लावू नको, पोरा. नातीचं जमतंय. आम्ही भायखळ्याचे, येवढंच सांगितलंय त्यास्नी.’’ तो काढला तेव्हा मी तिला विचारलंही नव्हतं. पंचविशीत उजेड दिसतो, माणूस नंतर. तिनं प्रिंट माझ्या हातातून घेतली, लाइटबिलांच्या मागे सरकवली आणि पिशवी पुन्हा खिळ्याला अडकवली.

संध्याकाळी प्रदर्शनवाल्यांचा फोन. पिशवीचा फोटो आवडला, पण ‘आधी’चा कुठाय?

‘‘प्रिंट माझ्याकडे नाही,’’ म्हटलं. निगेटिव्हचं बोललो नाही.