दाखला मिळाला, शाळा ठरेना

आज धुळ्याला जाऊन चिरंजीवांचा शाळा सोडल्याचा दाखला आणला. दुसरी पास. क्लार्क काकांनी कारणाच्या रकान्यात 'परगावी' लिहिलं. आम्ही निघालोय जर्मनीतल्या म्युनिकला, म्हणजे परगावच की!

दोन महिने घरात एकच विषय. इंटरनॅशनल शाळेत इंग्रजी आहे, पण फी ऐकून कापसाचे दोन हंगाम आठवले. सरकारी शाळेत फी नाही, पण सगळं जर्मनमध्ये. आणि ती आपण निवडायची नसतेच म्हणे, घराचा पत्ता ज्या हद्दीत, तिथली शाळा. म्हणजे आधी घर शोधा! खरी धास्ती वेगळीच. तिथे पाचवीपासून कुठल्या शाळेत जायचं ते चौथीतल्या मार्कांवर ठरतं: विद्यापीठाकडे नेणारं जिम्नॅशियम, मधली रेआलशुल की हातच्या कामधंद्याकडे नेणारी मिटलशुल. आमचा गडी सप्टेंबरात तिसरीत बसणार. भाषा शिकून हे सगळं दीड वर्षात?

तरी माझं मत सरकारीलाच. बायको अजून तयार नाही, आणि तिचं चुकतंय असंही नाही.

आई कळण्याची भाकरी थापता थापता म्हणाली, "तठे पोऱ्यानी भाषा कोनले समजी?"

पोऱ्या मात्र एकच विचारतोय, मधल्या सुट्टीत तिथे क्रिकेट खेळतात का.