जोडलेला सोलो

सॅक्सोफोनचा माइक भोंग्यात खुपसू नये, हे नव्या मदतनिसाला मी पहिल्याच दिवशी सांगतो. सूर कळांखाली उघडणाऱ्या भोकांतूनही येतो, म्हणून माइक भोंगा आणि वादकाचा डावा हात यांच्या मधल्या भागावर रोखून थोड्या अंतरावर लावावा लागतो. जॅझच्या अल्बमचे काम आमच्या स्टुडिओत वर्षाकाठी जेमतेम एखादे येते (बाकी सारे जाहिरातींचे आणि मालिकांचे), त्यामुळे त्या दिवशी मी लवकर येऊन चौघांचीही बैठक एकाच खोलीत मांडली होती.

शेवटची रचना अतिद्रुत होती आणि तिचा पाया अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने १९५९ साली ध्वनिमुद्रित केलेल्या ‘जायंट स्टेप्स’चा होता. तिथे षड्जच एका जागी राहत नाही: एका सुराला षड्ज मानले, तर तो, त्याचा शुद्ध गंधार आणि कोमल धैवत हे तिघे आळीपाळीने, काही मात्रांपुरते, षड्ज होऊन बसतात. सॅक्सोफोनवादकाने ही वाट अनेक महिने घोटली होती; पियानोवादकाच्या हाती कागद त्याच सकाळी पडला. याला आमच्याकडे तालमीचे पैसे वाचवणे म्हणतात. तिसऱ्या टेकमध्ये सॅक्सोफोन अप्रतिम लागला आणि पियानोचा सोलो मध्येच अडखळून नुसत्या कॉर्ड्सवर आला.

“दादा, हाच टेक ठेवू. पियानो तेवढा साफ करा,” असे सांगून सॅक्सोफोनवादक निघून गेला.

हे काम मला येते आणि त्याचा मला अभिमानही आहे. क्लिक (वादकांच्या कानात वाजणारा लयीचा ठोका) नव्हता, ज्यातून पियानोचे तुकडे घ्यायचे त्या दुसऱ्या टेकची लय किंचित सावकाश होती आणि पियानोच्या माइकमध्ये ड्रम्सची झांज पुरेपूर शिरली होती. म्हणून प्रत्येक कट मी झांजेवरच्या नव्या आघाताच्या केसभर आधी घेतला. तसे केल्याने आधीच्या आघाताची आस तुटली तरी कानाला कळत नाही. दोन आवर्तनांत अकरा कट पडले.

अल्बमवर दोनच परीक्षणे आली. एकात सॅक्सोफोनवर कोल्ट्रेनची सावली असल्याचे लिहिले होते, जे न ऐकताही लिहिता आले असते. दुसऱ्यात पियानोच्या त्या सोलोचे, त्यातील सहजतेसह, भरभरून कौतुक होते. त्या रात्री पियानोवादकाचा फोन आला.

“दादा, सूर सगळे माझेच आहेत, पण हे मी वाजवलेलं नाही.”

‘जायंट स्टेप्स’च्या मूळ ध्वनिमुद्रणात पियानोवादक टॉमी फ्लॅनगनचा सोलोही असाच अडखळतो. टेप कापून जोडण्याची सोय तेव्हाही होती, तरी १९६०मध्ये आलेल्या अल्बमवर तो तसाच राहिला आणि त्यावर आजवर बोट ठेवले जाते. मात्र कोल्ट्रेन किती अवघड वाटेने धावत होता, हे मला त्या अडखळण्यामुळेच कळले होते. फ्लॅनगनने १९८२ साली तीच रचना स्वतःच्या त्रिकुटासह पुन्हा ध्वनिमुद्रित केली. आमच्या पियानोवादकाने मात्र, परीक्षणाच्या हिशेबाने, ती पहिल्याच दिवशी सर केली आहे.

न कापलेला तिसरा टेक माझ्या हार्ड डिस्कवर आहे. त्याने तो मागितला आहे. सॅक्सोफोनवादकाला विचारल्याशिवाय मला तो देता येत नाही आणि काय सांगून विचारायचे, हे गेले तीन आठवडे माझे ठरत नाही.