मागणी कोणाकडे, कधीपर्यंत?

'आवाज उठवा', 'जागे व्हा', 'जास्तीत जास्त शेअर करा' असल्या पोस्टना लाइक भरपूर मिळतात, काम मात्र तसूभर सरकत नाही. जागं होऊन नेमकं करायचं काय, हेच त्यात नसतं. म्हणून मोहिमेची पहिली पोस्ट लिहिण्याआधी कागदावर एक वाक्य लिहून बघा: अमुक पदावरच्या व्यक्तीने अमुक तारखेपर्यंत अमुक निर्णय घ्यावा. त्यात 'यंत्रणा' किंवा 'समाज' आला की समजायचं, वाक्य अजून कच्चं आहे. निर्णयावर सही कोणाची लागते हे शोधण्यात दोन-चार दिवस गेले तरी चालतील. चुकीच्या माणसाला हजार जणांनी टॅग केलं तर तो 'हे माझ्या अखत्यारीत नाही' म्हणून मोकळा होतो, आणि तेही खरंच असतं.

२०१४ साली डोक्यावर बादलीभर बर्फाचं पाणी ओतून घेण्याचं आव्हान जगभर फिरलं आणि एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे सुमारे ११.५ कोटी डॉलर जमा झाले. सगळ्यांच्या लक्षात बादली राहिली. काम केलं ते २४ तासांच्या मुदतीनं आणि नावं घेऊन पुढच्यांना दिलेल्या आव्हानानं. 'सगळ्यांनी करा' म्हटलं की कोणीच करत नाही; नाव घेतलं की टाळणं अवघड होतं.

हॅशटॅग एकच ठेवा, आणि ठरवण्याआधी तो शोधून बघा. आधीच भलत्या कामासाठी वापरात असेल तर सोडून द्या. मधे जागा किंवा आडवी रेघ (-) आली की तो तिथेच तुटतो. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाची वेगळीच गंमत: 'पाणीहक्क' आणि 'पाणिहक्क' हे दोन वेगळे टॅग, म्हणजे अर्धे लोक एका खोलीत आणि अर्धे दुसऱ्या. त्यामुळे टॅग सांगू नका, कॉपी करता येईल असा लिहून पाठवा. दुसऱ्यांच्या चालत्या टॅगमध्ये घुसण्याआधीही विचार करा. २ जून २०२० रोजी असंख्य लोकांनी ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर या कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाविरुद्धच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून इन्स्टाग्रामवर काळे चौकोन टाकले आणि खाली त्या आंदोलनाचाच टॅग लावला. आंदोलकांना लागणारी माहिती त्या काळ्या चौकोनांखाली गाडली गेली. शेवटी तो टॅग काढा, अशी विनवणी करावी लागली.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या फोटो-व्हिडिओत. चित्रण करताना आधी लांबून, मग जवळून घ्या. प्रत्येक चौकट किमान दहा सेकंद स्थिर धरा. सुरुवातीलाच तारीख, वेळ, ठिकाण तोंडाने बोला आणि एखादी पाटी किंवा ओळखू येणारी इमारत चौकटीत घ्या. मूळ फाइलला हात लावायचा नाही: कापाकापी नाही, फिल्टर नाही. तिच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. वकिलाला किंवा पत्रकाराला द्यायची असेल तर व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की ती दाबून लहान होते आणि आतली वेळ-ठिकाणाची नोंद निघून जाते.

जाहीर टाकायच्या प्रतीचं उलटं. तिथे ती नोंद नकोच, आणि ज्यांना धोका आहे त्यांचे चेहरेही नकोत. चेहरा झाकायला फोनमधला हायलायटर वापरू नका. चार फराटे मारल्यावर काळं दिसतं खरं, पण तो रंग अर्धपारदर्शक असतो. कोणी फोटो उजळ केला की खालचा चेहरा दिसू लागतो. ठोकळ्यासारखा भरीव आकार ठेवा, मग त्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून तोच टाका. गणवेश, गोंदण, गाडीचा नंबर, मागच्या काचेतलं प्रतिबिंब हेही तपासा. परवानगी घेताना 'फोटो टाकू का?' एवढं विचारून भागत नाही. 'हा फोटो तुमचे नातेवाईक बघतील, कामावरचे लोकही बघतील, चालेल?' असं विचारा. मग बऱ्याचदा उत्तर बदलतं.

व्हॉट्सॲपवर एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड होतो. बराच फिरून आलेला असेल तर, एप्रिल २०२० पासून, एका वेळी एकाच ठिकाणी. म्हणून फॉरवर्डवर भिस्त ठेवू नका. मुद्दे द्या, दोन ओळी ज्याच्या त्याला लिहू द्या. ओळखीच्या माणसाने स्वतः लिहिलेलं वाचलंही जातं. पोस्टर असेल तर तारीख वर्षासकट चित्रातच छापा. नाहीतर 'उद्या सकाळी दहा वाजता जमा' हा निरोप तीन वर्षांनी पुन्हा जिवंत होतो आणि लोक खरंच येऊन उभे राहतात.

फोन करा असं आवाहन करत असाल तर कार्यालयाचा जाहीर नंबरच द्या, सोबत काय बोलायचं त्या तीन ओळी. कोणाचा घरचा नंबर, पत्ता, मुलांची नावं अजिबात नाहीत. तशी एक पोस्ट गेली की चर्चा मूळ मागणीवरून तुमच्यावर येते. आकडा चुकला तर पोस्ट गुपचूप उडवू नका, तिच्याच वर दुरुस्ती लिहा. खात्याचे ॲडमिन दोन तरी ठेवा. एकाचाच फोन हरवला किंवा खातं बंद झालं की मोहीम तिथेच संपते.

आणि मुदतीची तारीख आली की त्याच दिवशी पोस्ट पडली पाहिजे. उत्तराचं पत्र आलं असेल तर त्याचा फोटो, नसेल आलं तर 'उत्तर आलं नाही' एवढंच, खाली पुढची तारीख.