नव्व्याण्णवचं पाणी

‘शाळेने मला काय दिलं’ यावर स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला. शाळेने मला एक शून्य दिलं होतं, त्याबद्दल लिहितो.

साल १९८६, वर्ग नववा. विज्ञानाच्या खोलीत पाण्याचा उत्कलनांक, म्हणजे पाणी किती अंशांना उकळतं तो आकडा, काढायचा होता. खोली म्हणजे एक कपाट, दोन लांब टेबलं आणि उंदरांचा वास. चार-चार पोरांत एक चंचुपात्र आणि एक स्पिरिटचा दिवा. थर्मामीटर मात्र अख्ख्या वर्गात एकच, म्हणून सर तो हातातून खाली ठेवत नसत. त्यावरून पोरांनी त्यांचं नाव ‘पारा सर’ पाडलं होतं. लवकर चढायचे, हेही एक कारण होतंच.

आमच्या गटाचं पाणी खळखळ उकळू लागलं. पारा चढत चढत ९९ च्या अंमळ खाली आला आणि तिथेच बसला. वात वर ओढली, फुंकर मारून पाहिली. पाणी जास्त उड्या मारू लागलं, पारा ढिम्म. तासाची घंटा व्हायला आली होती. मी वहीत ठसठशीत १०० लिहून मोकळा झालो. सगळ्या वर्गाने तेच लिहिलं होतं, पण सरांच्या हातात पहिली वही माझी पडली.

“काहून रे, हे शंभर कुठून आनलं?”

“पुस्तकात हाय सर.”

“मंग पुस्तकच उकळ.”

लाल शाईचं शून्य. मग सरांनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली, समुद्राची. आमच्यापैकी एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. १०० हा आकडा त्या रेघेवरचा, ७६० मिलिमीटर पारा तोलून धरणाऱ्या हवेखालचा. मोर्शी-वरूडकडची आपली जमीन त्याहून साडेतीनशे-चारशे मीटर वर. तेवढी हवा आपल्या डोक्यावरून कमी. “हवा म्हंजे पान्यावर पांघरलेली गोधडी. पातळ असली त पानी लवकर उठते.” दर तीनशे मीटरला साधारण एक अंश, असा ढोबळ हिशेब त्यांनी सांगितला. म्हणजे पारा खरं बोलत होता.

त्याच वर्षी सहल चिखलदऱ्याला गेली. बाकीचे पॉइंट बघत हिंडत होते. सरांनी पिशवीतून घासलेटचा स्टोव्ह काढला आणि एका पडक्या भिंतीच्या आडोशाला मांडला. वारा इतका की काडीपेटी अर्धी संपली. पाणी उकळल्यावर थर्मामीटर सुतळीने वर टांगून धरायचं काम माझं, कारण त्याचा पाऱ्याचा फुगा पातेल्याच्या बुडाला टेकला तर आकडा चुकतो. हात भरून आला, वाफेने बोटं पोळली, पण वाचलं मीच: ९६ आणि ९७ च्या मध्ये. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास आहे, भागून बघा. तिथला गाविलगड किल्ला मला त्या सहलीत दिसलाच नाही, याची खंत नंतर बायकोला घेऊन गेलो तेव्हा मिटली.

पण वर्गाला येड लागलं ते चंबूच्या प्रयोगाने. गोल बुडाचा चंबू अर्धा भरून सरांनी पाणी पाच-सात मिनिटं चांगलं उकळू दिलं, वाफेने आतली हवा बाहेर हाकलेपर्यंत. मग चंबू दिव्यावरून काढला, उकळी बसली, लगेच रबरी बूच घट्ट दाबलं. (दिव्यावर असताना बूच लावायचं नाही, चपट्या बुडाचा चंबू घ्यायचा नाही, तो दाबाने फुटतो. हे त्यांनी तीनदा सांगितलं.) चंबू उलटा धरून सरांनी माठातलं गार पाणी वरून ओतलं, आणि आतलं शांत पाणी पुन्हा उकळायला लागलं. गार पाण्याने! मागच्या बाकावरून कुणीतरी “भूत हाय” म्हणालं. सरांनी थांबून पुन्हा ओतलं, पुन्हा बुडबुडे. गारव्याने वरच्या वाफेचं पाणी होतं, तिची जागा रिकामी पडते, दाब घसरतो आणि कोमट होत चाललेल्या पाण्यालाही उकळी फुटते. शेवटी चंबू आमच्या गालाला लावून दाखवला. उकळलेलं पाणी, आणि गाल भाजत नाही.

दाब पाचव्या हिश्शावर आणला तर पाणी ६० अंशांनाच उकळतं. आपल्या संत्र्याचा रस कढईत आटवला की काळपट आणि कडू होतो; कारखान्यात तो हवा खेचून घेतलेल्या बंद भांड्यात कमी आचेवर आटवतात, ते याच हिशेबाने.

पुढे मी फौजेत गेलो. पहिली थंडी लेहला, साडेतीन हजार मीटरवर. मेसमधल्या उघड्या पातेल्यात वरण दीड तास उकळत होतं आणि दाणा बोटाने दाबला तर करकरत होता. आमचा लांगरी, म्हणजे मेसचा स्वयंपाकी, हरियाणाचा. तो स्टोव्हला पंप मारून मारून घामाघूम. मी म्हणालो, आच वाढवून पाणी फक्त लवकर आटेल, जास्त तापणार नाही. त्याला काही पटेना. मग दवाखान्यातून बिनसुईची सिरिंज आणली, गरम पाणी ओढून घेतलं, हवा काढली, तोंडावर अंगठा दाबला आणि दांडा मागे खेचला. सिरिंजमध्ये पाणी उकळलं. दांडा सोडला, उकळी गप. त्याने ते दहा वेळा केलं. त्यानंतर डाळ कुकरशिवाय चढली नाही.

मी त्याच रात्री सरांना पोस्टकार्ड टाकलं: ‘सर, इथे पाणी ८८ अंशांना उकळते.’ महिन्याने उत्तर आलं, पत्ता सोडला तर तीनच शब्द.

‘मोजलं का वाचलं?’

वाचलं होतं. हिशेबाने काढलं, मग एका पुस्तकात ताडून पाहिलं होतं. सुटीवर आलो तेव्हा नागपूरला सीताबर्डीतून थर्मामीटर घेतला आणि परतताना ट्रंकेत लोकरी मोज्याच्या आत ठेवला. जम्मूला ट्रंक उघडली तर काच एका मोज्यात आणि पाऱ्याचे मणी दुसऱ्यात. दुसरा घेईन घेईन म्हणता बदली राजस्थानात झाली.

तेव्हा सर, चिखलदऱ्याचा आकडा माझा आहे. लेहचा रकाना कोरा सोडला आहे.